सोन्याचा कोंबडा आणि मधले आठ पौंड

प्रश्न : बँटमवेट म्हणजे नक्की किती वजन? आणि माझा मित्र सारखं म्हणतो की ब्राझीलचा एडेर जोफ्रे हा या वजनातला ऑल टाइम बेस्ट, मी तर नावही ऐकलं नव्हतं. खरंच एवढा भारी होता का?

उत्तर : ११८ पौंड, म्हणजे साधारण साडेत्रेपन्न किलो. काट्यावर त्याच्या वर गेलात की टायटल विसरा. बँटम ही लहान चणीच्या कोंबड्यांची जात, जीव एवढासा पण रग मोठी, त्यावरून हे नाव पडलं. पोर्तुगीजमध्ये तर या वर्गाला सरळ कोंबडा-वजनच म्हणतात, म्हणून जोफ्रे चॅम्पियन झाल्यावर तिकडच्या लोकांनी त्याला 'सोन्याचा कोंबडा' करून टाकलं.

नाव ऐकलं नव्हतं यात तुमची काही चूक नाही हो, आपल्याकडे बॉक्सिंग म्हटलं की हेवीवेटच आठवतात. जोफ्रेचा जन्म १९३६ चा, साओ पावलोचा. बाप किड जोफ्रे मूळचा अर्जेंटिनाचा बॉक्सर, तोच त्याचा कोच, आणि आईकडचं घराणंही बॉक्सर-पैलवानांचं, त्यामुळे पोराने दुसरं काही केलं असतं तरच नवल. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेला पण मेडल नाही मिळालं, पुढच्या वर्षी प्रो झाला, आणि नोव्हेंबर १९६० मध्ये लॉस एंजेलिसला एलॉय सांचेझला सहाव्या राउंडला झोपवून टायटल घेतलं. तेव्हा एका बाजूचे लोक त्याला चॅम्पियन मानत होते आणि युरोपवाले जॉनी काल्डवेलला, म्हणून जानेवारी १९६२ मध्ये दोघं साओ पावलोत समोरासमोर आले. दहाव्या राउंडला काल्डवेलच्या कॉर्नरने, म्हणजे त्याच्याच कोचमंडळींनी, हार मानली आणि वाद मिटला.

आता मित्र बरोबर का बोलतो ते बघा. जोफ्रेने टायटल आठ वेळा राखलं आणि आठही वेळा मॅच पॉइंट्सवर गेलीच नाही, समोरचा आधीच संपला. आणि यातल्या पाच मॅच घरच्या प्रेक्षकांसमोर नाहीत बरं का. काराकास, सॅन फ्रान्सिस्को, टोकियो, मनिला, बोगोटा, म्हणजे समोरच्याच्या गावात जाऊन. हात उंच, घाई नाही, आणि संधी दिसली की डावा हुक थेट बरगडीखाली लिव्हरवर. डोक्यावरचा फटका माणूस एकवेळ पचवतो, लिव्हरवरचा बसला की पाय ऐकत नाहीत.

प्रश्न : मग एवढा भारी होता तर जपानच्या फायटिंग हाराडाकडून दोनदा कसा हरला? वजन कमी करून करून खचला होता असं वाचलं, म्हणजे हाराडाचा विजय फुकटचाच ना?

उत्तर : फुकटचा अजिबात नाही. हा प्रश्न आला की माझं डोकं जरा गरमच होतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी कागदावरचं गणित. मेक्सिकोच्या होजे मेडेलला जोफ्रेने दोनदा नॉकआउट केलं होतं, १९६० आणि १९६२ मध्ये. त्याच मेडेलने सप्टेंबर १९६३ मध्ये टोकियोत हाराडाला सहाव्या राउंडला थांबवलं. म्हणजे जोफ्रे मेडेलला मारतो, मेडेल हाराडाला मारतो, मग जोफ्रे-हाराडा कशाला लावायची, असं कुणालाही वाटलं असतं. त्यात हाराडा खालच्या वजनातून आलेला, १९ वर्षांचा असताना १९६२ मध्ये पोन किंगपेचला हरवून फ्लायवेट चॅम्पियन झाला होता आणि तीनच महिन्यांत बँकॉकला परतीच्या मॅचमध्ये टायटल घालवून बसला होता.

पण १७ मे १९६५ ला नागोयात हाराडाने एकच गोष्ट पंधरा राउंड केली, जोफ्रेला निवांत उभंच राहू दिलं नाही. जोफ्रेला अंतर लागायचं, मापून मारणारा माणूस तो, आणि हा पोरगा अंगात शिरून हात चालवतोय, मागे हटतोय, परत शिरतोय. निकाल स्प्लिट डिसिजन, दोन जज एकीकडे, एक दुसरीकडे. त्या रात्रीपर्यंत जोफ्रे प्रोमध्ये एकदाही हरलेला नव्हता.

वजनाचं म्हणाल तर ते खरं आहे, तिशीकडे झुकलेल्या जोफ्रेला ११८ मध्ये बसणं जड जात होतं, आणि तेव्हा वजन मॅचच्याच दिवशी व्हायचं, आजच्यासारखा आदल्या दिवशी काटा आणि मग रात्रभर खाऊनपिऊन भरून काढा असला प्रकार नव्हता. पण हे फक्त जोफ्रेलाच लागू होतं का? हाराडा तर वजन उतरवण्याच्या हालांसाठीच प्रसिद्ध होता, मॅच संपली की फुगायचा आणि पुढच्या वेळी परत उपासमार. काटा दोघांनाही सारखाच छळत होता. आणि पहिल्यांदा नशीब म्हटलं तरी दुसऱ्यांदा काय म्हणणार? ३१ मे १९६६ ला टोकियोत परत लढले आणि यावेळी तिन्ही जज हाराडाकडे.

मला विचाराल तर खरी अडचण वेगळीच होती, वर्गांमधल्या अंतराची. तेव्हा बँटमच्या वर थेट फेदरवेट, १२६ पौंड. मधलं १२२ चं सुपर बँटम १९७६ मध्ये आलं. म्हणजे ११८ मध्ये मावत नसाल तर एकदम आठ पौंड वरच्या माणसांशी भिडा नाहीतर घरी बसा. जोफ्रे घरी बसला.

प्रश्न : दादा, तो व्हेजिटेरियन होता हे खरं का? आमच्या जिममध्ये कोणी मानतच नाही.

उत्तर : खरं. आणि ७२ विजयांपैकी ५० नॉकआउट आहेत हेही जिममध्ये सांगा. मात्र भाजी खाल्ली म्हणून हुक लागतो असं काही नाही, उगाच त्यावरून भांडू नका.

प्रश्न : घरी बसला म्हणजे तिथेच संपला का?

उत्तर : नाही ना, तीच तर मजा आहे. तीन वर्षं काही नाही आणि १९६९ मध्ये पठ्ठ्या परत आला, फेदरवेटमध्ये. बाकीचे या वयात कोचिंग सुरू करतात. ५ मे १९७३ ला ब्राझिलियात होजे लेग्राला पंधरा राउंडमध्ये पॉइंट्सवर हरवून डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचं टायटल घेतलं, तेव्हा वय ३७. ऑक्टोबरमध्ये व्हिसेंटे साल्दिव्हार समोर आला, मेक्सिकोचा मोठा चॅम्पियन, त्याला चौथ्या राउंडला संपवलं. पुढे टायटल रिंगमध्ये गेलं नाही, ठरल्या वेळी लढला नाही म्हणून काढून घेतलं. १९७६ ला थांबला. ७८ मॅच, चार ड्रॉ, दोन पराभव, दोन्ही त्या एकाच माणसाकडून.

हाराडाचं बघा, तोही १९६८ मध्ये लायोनल रोझकडून बँटमचं टायटल गमावून फेदरला गेला. १९६९ मध्ये सिडनीत तेव्हाचा फेदर चॅम्पियन जॉनी फेमेशॉनशी लढला, रेफ्री विली पेपने आधी ड्रॉ जाहीर केली आणि मग कार्ड परत मोजून एका पॉइंटने फेमेशॉनला दिली. पुढच्या वर्षी टोकियोत फेमेशॉनने त्याला चौदाव्या राउंडला नॉकआउट केलं. म्हणजे वरच्या वर्गातलं जे टायटल जिंकणाऱ्या हाराडाला नाही मिळालं ते हरणाऱ्या जोफ्रेला मिळालं.

प्रश्न : इनोउए मोठा की जोफ्रे?

उत्तर : हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी पाठवतंच. जपानचा नाओया इनोउए बँटममध्ये नऊ मॅच लढला, आठ नॉकआउट, आणि उरलेल्या एकीत म्हणजे २०१९ ला नोनितो डोनेअरसमोर डोळ्याजवळचं हाड मोडूनही पॉइंट्सवर जिंकला. १३ डिसेंबर २०२२ ला पॉल बटलरला हरवून चारही मोठ्या संघटनांचे बेल्ट, म्हणजे टायटल, गोळा केले, पुढच्याच महिन्यात सोडून दिले आणि चार पौंड वर जाऊन तिथेही चारही घेतले. ताकद आणि स्पीड बघता मी इनोउएकडे झुकतो. पण त्याला चढायला मधली पायरी होती, जोफ्रेला नव्हती, आणि मॅच बारा राउंडची होती, पंधराची नाही. त्यामुळे मित्राशी पैज लावू नका.

प्रश्न : रिटायर झाल्यावर काय केलं त्याने?

उत्तर : साओ पावलोत बरीच वर्षं नगरसेवक होता. म्हातारपण मात्र सोपं नव्हतं, आधी अल्झायमर आहे असं सांगितलं होतं, नंतर डॉक्टर म्हणाले की हा सीटीई, वर्षानुवर्षं डोक्यावर फटके खाल्ल्याने मेंदूला होणारा आजार. २ ऑक्टोबर २०२२ ला गेला, ८६ वर्षांचा होऊन. इनोउएने चौथा बेल्ट घेतला त्याच्या जेमतेम अडीच महिने आधी.