वाचकांचे प्रश्न : कणांच्या प्रकीर्णनातील अवरक्त अनंतता

गेज सिद्धांतातील (विद्युतचुंबकीय व प्रबळ आंतरक्रियांचे वर्णन करणाऱ्या सिद्धांतातील) प्रकीर्णनाविषयी, म्हणजे कणांच्या टकरींविषयी, नागपुरातील वाचकांनी पाठविलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. नंतरची उत्तरे आधीच्या उत्तरांवर आधारलेली असल्यामुळे ती क्रमाने वाचावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न : इलेक्ट्रॉनच्या प्रकीर्णनातील पहिली दुरुस्ती काढताना अत्यंत कमी ऊर्जेच्या फोटॉनमुळे उत्तर अनंत येते. फोटॉन प्रत्यक्ष बाहेर पडण्याची संभाव्यताही अनंत येते आणि या दोन अनंतता परस्परांना रद्द करतात, असे आमच्या पाठ्यपुस्तकात म्हटले आहे. अनंतातून अनंत वजा करता येत नाही, हे आम्ही शाळेत शिकलो. मग येथे ते कसे चालते? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, विद्यापीठ परिसर, अमरावती मार्ग)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि ‘रद्द होतात’ एवढे सांगून तो मिटत नाही. प्रथम भौतिक घटना पाहू. विद्युतभाराचा वेग किंवा दिशा बदलली की तो प्रारण सोडतो. टक्कर एकाएकी झालेली असेल, तर या प्रारणाची ऊर्जा कमी वारंवारतेच्या प्रत्येक समान पट्ट्यात जवळजवळ सारखीच विभागलेली आढळते. परंतु एका फोटॉनची ऊर्जा त्याच्या वारंवारतेच्या प्रमाणात असल्यामुळे, वारंवारता जसजशी शून्याकडे जाते तसतशी तेवढीच ऊर्जा वाहून नेण्यासाठी अधिकाधिक फोटॉन लागतात. परिणाम असा की बाहेर पडलेली एकूण ऊर्जा मर्यादित राहते, पण फोटॉनांची सरासरी संख्या मात्र अमर्याद वाढते.

हे मृदू, म्हणजे अत्यंत कमी ऊर्जेचे, फोटॉन एकमेकांपासून स्वतंत्रपणे निघत असल्यामुळे त्यांची संख्या प्वासाँ वितरण पाळते. सरासरी संख्येला ‘स’ म्हणू. मग एकही फोटॉन न निघण्याची संभाव्यता ही ‘ई’ या संख्येचा उणे स हा घात होय आणि स अनंत असेल तर ती शून्य होते. विद्युतभार विचलित झाला आणि काहीच प्रारण निघाले नाही, अशी घटना निसर्गात घडत नाही, एवढाच याचा अर्थ. पाठ्यपुस्तकात मात्र हा घात एकेका पदाने उलगडला जातो आणि पहिली दोन पदे ‘१ उणे स’ अशी येतात. जे उत्तर मुळात शून्य होते, ते अर्धवट उलगडल्यामुळे उणे अनंत दिसू लागते. एकच फोटॉन निघण्याच्या संभाव्यतेचे पहिले पद अधिक स असते. दोन्ही मिळवले की १ उरतो, आणि सर्व शक्यतांची बेरीज १ यायलाच हवी. फेलिक्स ब्लॉख आणि आर्नल्ड नॉर्डसीक यांनी १९३७ मध्ये या कोड्याचा उलगडा केला, तो याच मार्गाने.

प्रत्यक्ष आकडेमोडीतही अनंतातून अनंत कोणी वजा करीत नाही. फोटॉनला तात्पुरते अल्पसे वस्तुमान दिले, किंवा अवकाशकालाच्या मिती चारपेक्षा किंचित वेगळ्या धरल्या, की दोन्ही राशी सान्त होतात. त्यांची बेरीज करून झाल्यावर ते वस्तुमान, किंवा मितींमधील तो फरक, शून्याकडे नेला जातो. बेरीज तेव्हा एका निश्चित संख्येकडे जाते, सुट्या राशी जात नाहीत.

राहिला मोजणाऱ्या उपकरणाचा प्रश्न. इतवारीतल्या धान्याच्या काट्यावर चिमूटभर तांदूळ वाढल्याचे कळत नाही, तेच सराफाच्या काट्यावर लगेच कळते. म्हणून वजन सांगताना काटा कोणता हे सांगावे लागते. शोधकालाही अशी ऊर्जेची एक खालची मर्यादा असते. तिच्याखालचे फोटॉन निघाले काय, न निघाले काय, नोंद एकच होते. त्यामुळे ‘या मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा फोटॉनांत न जाता प्रकीर्णन होण्याची संभाव्यता किती’ हाच प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तर सान्त येते. ९१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट एकूण ऊर्जेला इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन परस्परांत विलीन होतात, तेव्हा ही मर्यादा दहापटीने खाली नेली की नोंदल्या जाणाऱ्या फोटॉनांच्या सरासरी संख्येत सुमारे ०.२५ ची भर पडते. वाढ मंद आहे, पण ती कधीच थांबत नाही. अनंतता येते ती या न थांबण्यामुळे.

प्रश्न : अतिशय लहान अंतरांवरून येणाऱ्या अनंतता पुनर्सामान्यीकरणाने दूर होतात. तोच उपाय येथे का करीत नाहीत? (निवृत्त अभियंता, प्रतापनगर)

उत्तर : लहान अंतरांवर निसर्ग कसा वागतो हे आपल्याला ठाऊक नसते आणि ते अज्ञान वस्तुमान व विद्युतभार यांच्या मोजलेल्या मूल्यांत सामावून घेता येते; यालाच पुनर्सामान्यीकरण म्हणतात. अवरक्त अनंतता, म्हणजे अत्यंत कमी ऊर्जेच्या कणांमुळे येणारी अनंतता, मोठ्या अंतरांवरून आणि दीर्घ काळातून येते. तेथील भौतिकी आपल्या परिचयाची आहे, त्यामुळे तेथे लपवण्यासारखे काही नाही आणि नव्याने ठरवण्याजोगा स्थिरांकही नाही. येथे बदलावा लागतो तो प्रश्न.

तरीही आपल्या शंकेत एक खोल गोष्ट दडलेली आहे. मृदू कणांच्या दृष्टीने वेगवान कण म्हणजे सरळ जाणारी आणि टकरीच्या बिंदूशी कोन करून वळणारी रेषा होय. अशा कोनयुक्त रेषांच्या लघु-अंतरी अनंतता काढल्या, की त्यांतूनच मूळ प्रकीर्णनाच्या अवरक्त अनंतता वाचता येतात. पॉल्याकोव यांनी १९८० मध्ये अशा कोनांकडे लक्ष वेधले. कोर्चेम्स्की आणि राद्युश्किन यांनी १९८७ मध्ये त्यांचे दोन लूपपर्यंतचे (लूप म्हणजे दुरुस्तीची एकेक पायरी) गणित पूर्ण केले. त्यामुळे पुनर्सामान्यीकरणाची सारी यंत्रणा आज अवरक्त अनंततांच्या अभ्यासात वापरली जाते. तिचा हेतू तेवढा वेगळा आहे.

प्रश्न : फोटॉनचा प्रश्न १९३७ मध्येच सुटला असेल, तर ग्लुऑनच्या बाबतीत संशोधक अजून काय शोधत आहेत? (महाविद्यालयीन प्राध्यापक, धंतोली)

उत्तर : ग्लुऑन हा क्वार्कांना बांधणाऱ्या प्रबळ आंतरक्रियेचा वाहक कण. फोटॉनवर विद्युतभार नसतो, ग्लुऑनवर मात्र रंगभार, म्हणजे प्रबळ आंतरक्रियेचा भार, असतो, हे सगळ्या अडचणींचे मूळ आहे. एक मृदू ग्लुऑन निघाला की मागे राहिलेल्या कणांचे रंग बदलतात, आणि तो स्वतःही पुढे आणखी ग्लुऑन सोडतो. त्यामुळे वर सांगितलेले स्वातंत्र्य, आणि त्याबरोबर साधे प्वासाँ वितरणही, येथे राहत नाही. शिवाय ग्लुऑनला वस्तुमान नसल्यामुळे दुसरी एक अनंतता उद्भवते : वस्तुमानरहित कण ऊर्जेने कितीही मोठा असो, तो एकाच दिशेने जाणाऱ्या दोन कणांत फुटू शकतो आणि त्या दोघांना मूळच्या एकापासून वेगळे ओळखता येत नाही. मृदू आणि समदिश या दोन्ही अनंतता एकत्र आल्या की प्रत्येक लूपमागे अनंततेचा क्रम दोनने वाढतो. चार मितींपासूनच्या फरकाचे माप एप्सिलॉन मानले, तर एका लूपला त्याच्या वर्गाने, दोन लूपला चौथ्या घाताने आणि तीन लूपला सहाव्या घाताने भागाकार येतो.

किनोशिता यांनी १९६२ मध्ये, ली आणि नाउएनबर्ग यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले की ऊर्जेने न ओळखता येणाऱ्या सर्व आद्य आणि अंत्य अवस्थांची बेरीज घेतली, तर या अनंतता नाहीशा होतात. १९७७ मध्ये स्टर्मन आणि वाइनबर्ग यांनी यातून एक व्यवहार्य व्याख्या दिली : ठरावीक अल्प हिस्सा वगळता सारी ऊर्जा दोन विरुद्ध दिशांच्या अरुंद शंकूंत आली, तर ती घटना दोन झोतांची मानावी. झोतांची अशी गणती सान्त उत्तर देते. हॅम्बुर्गच्या पेट्रा या त्वरक वलयावर १९७९ मध्ये तीन झोतांच्या घटना सापडल्या आणि ग्लुऑनच्या अस्तित्वाचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

आता आजच्या कामाकडे येतो, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाच-सहा कणांच्या प्रकीर्णनाचे संपूर्ण गणित दोन लूपपर्यंत करणेही अतिशय कष्टाचे आहे. तरीही त्या उत्तराचा अनंत असलेला भाग गणित न करता आधीच लिहून ठेवता येतो, कारण तो टक्कर नेमकी कशी झाली यावर अवलंबून नसतो. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या कणांच्या दिशा, ऊर्जा आणि रंग एवढेच त्याला पुरतात. कातानी यांनी १९९८ मध्ये दोन लूपच्या अनंततांचे असे सूत्र मांडले. २००६ मध्ये आयबात, डिक्सन आणि स्टर्मन यांनी दाखवले की वस्तुमानरहित कणांसाठी दोन लूपचा मृदू भाग रंगांच्या दृष्टीने एका लूपसारखाच असतो, केवळ एका संख्येने गुणलेला. २००९ मध्ये बेखर आणि नॉयबर्ट यांनी एकीकडे, गार्डी आणि मान्येया यांनी दुसरीकडे, हीच गोष्ट एका सुटसुटीत सूत्रात बसवली : प्रत्येक दोन कणांच्या जोडीचे योगदान काढावे आणि सर्व जोड्यांची बेरीज करावी. चार कण असतील तर सहा जोड्या, पाच असतील तर दहा.

हे सूत्र सर्व लूपना लागू पडेल का, ही उत्सुकता काही वर्षे टिकली. २०१५ मध्ये अल्मेलिड, डूर आणि गार्डी यांनी तीन लूपचे गणित पूर्ण केले आणि तेथे जोड्यांची बेरीज अपुरी पडते हे निश्चित झाले. एकाच वेळी चार कणांच्या रंगांना आणि दिशांना जोडणारे नवे पद तेथे प्रथमच येते. मृदू ग्लुऑनांची अशी सामूहिक जाळी चौथ्या लूपला किती प्रकारची होतात आणि त्यांचे रंग कसे गुंफले जातात, यावर मान्येया यांच्याबरोबर हैदराबादच्या आयआयटीतील अनुराग त्रिपाठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले आहे. नागपूरहून हैदराबाद एका रात्रीच्या प्रवासावर आहे. हे संशोधन आपल्यापासून फार दूर चाललेले नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : या सगळ्याचा मोजमापाला काही उपयोग होतो का? (वाचक, महाल)

उत्तर : होतो, आणि त्याचे एक उदाहरण होमी भाभा यांच्या नावाशीच जोडलेले आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या प्रकीर्णनाचे सूत्र भाभांनी १९३० च्या दशकात काढले. जिनिव्हाजवळच्या लेप या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्कर यंत्रात १९८९ पासून २००० पर्यंत प्रयोग चालले. तेथे एकूण किती टकरी घडण्याजोग्या होत्या हे ठरवण्यासाठी अगदी लहान कोनांतील भाभा प्रकीर्णनाच्या घटना मोजल्या जात. घटनांची मोजलेली संख्या आणि सिद्धांताने काढलेला काटछेद (टक्कर घडण्याच्या संभाव्यतेचे माप) यांच्या भागाकारातून ते माप मिळते, त्यामुळे काटछेदातील चूक पुढच्या प्रत्येक निष्कर्षात उतरते. मृदू फोटॉनांचा हिशेब नीट न ठेवता हा काटछेद काढताच येत नाही. येनी, फ्राउची आणि सुउरा यांनी १९६१ मध्ये मृदू फोटॉनांचे घातरूप सर्व पदांसाठी सिद्ध केले होते. त्याच आधारावर लिहिलेल्या संगणकीय कार्यक्रमांनी लेपच्या काळात सैद्धांतिक अनिश्चितता सुमारे ०.०६ टक्क्यांपर्यंत खाली आणली. हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच आहेत, हा लेपचा निष्कर्ष याच मापावर उभा आहे.

लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये गरज आणखी वाढते. तेथे आभासी (निघून पुन्हा शोषल्या जाणाऱ्या) आणि प्रत्यक्ष प्रारणाचे गणित संगणकाला वेगवेगळे करावे लागते, आणि संगणकाला अनंत संख्या देता येत नाही. म्हणून अनंत भागाचे आधीच माहीत असलेले रूप एका बाजूतून वजा करून दुसऱ्या बाजूत मिळवतात. ते रूप अचूक माहीत नसते, तर हिग्ज कणाच्या निर्मितीचे आजच्या अचूकतेचे भाकीत करणे शक्यच झाले नसते.

प्रश्न : नागपुरात राहून या विषयाचा अभ्यास सुरू करता येईल का? कोठून करावा? (बी.एस्सी. अंतिम वर्षाचा विद्यार्थी, सक्करदरा)

उत्तर : निश्चितच करता येईल. वर उल्लेखिलेल्या शोधनिबंधांपैकी गेल्या तीन दशकांतील बहुतेक अर्काइव्ह या १९९१ पासून चालणाऱ्या संग्रहात विनामूल्य वाचायला मिळतात. पण निबंधांकडे वळण्याआधी विशिष्ट सापेक्षता, पुंज यामिकी आणि संमिश्र चलांचे कलन पक्के करावे. रंगांच्या हिशेबासाठी गट सिद्धांताची ओळखही लागेल.

त्यानंतर एक गणित स्वतःच्या हाताने करावे, असा माझा आग्रह आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन विलीन होऊन वस्तुमानरहित क्वार्क आणि प्रतिक्वार्क निर्माण होतात, त्या प्रक्रियेची पहिली दुरुस्ती काढावी. समाईक गुणक बाहेर ठेवल्यावर आभासी ग्लुऑनचे योगदान असे येते : उणे २ भागिले एप्सिलॉनचा वर्ग, उणे ३ भागिले एप्सिलॉन, उणे ८, अधिक पायचा वर्ग. प्रत्यक्ष ग्लुऑनचे येते : अधिक २ भागिले एप्सिलॉनचा वर्ग, अधिक ३ भागिले एप्सिलॉन, अधिक साडेनऊ, उणे पायचा वर्ग. दोन्ही अनंत पदे जातात, पायचे वर्गही जातात आणि दीड उरतो. गुणक परत लावला की एकूण दुरुस्ती प्रबळ आंतरक्रियेचा स्थिरांक भागिले पाय एवढी येते. ९१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला ती सुमारे पावणेचार टक्के भरते. गणिताला काही आठवडे लागले तरी चालतील. मध्येच चिन्ह चुकल्यास बहुधा पायचे वर्ग शिल्लक राहतील. तेव्हा तीन कणांच्या अवस्थांवरील संकलन प्रथम तपासावे. तरीही अडल्यास ती पायरी लिहून या सदराकडे पाठवावी.