रोजचं पेय म्हणाल तर माझं मत साध्या सोड्याला

तुम्ही विचारलंय की दारू सोडून रोज प्यायला काय आवडतं, कुठला सोडा आवडतो आणि का. एका ओळीत सांगायचं तर साखर नसलेला साधा गार सोडा, त्यात अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ. रोज संध्याकाळी एक मोठा ग्लास, गेली चार वर्षं. सकाळी चहा असतोच पण त्याला मी आवड नाही म्हणणार, ती गरज आहे. आवड ही सोड्याची.

आता का ते सांगते, कारण मी काही सुरुवातीपासून साध्या सोड्यावर नव्हते. रात्रपाळीचं काम होतं तेव्हा रोज दोन कॅन कोला व्हायचा, एक पाळी सुरू होताना आणि एक रात्री दोनच्या सुमाराला डोळे मिटायला लागले की. तीन वर्षं असंच चाललं. मग एकदा गार पाण्याचा घोट घेतला आणि वरच्या दातातून अशी कळ गेली की ग्लास खाली ठेवावा लागला. डेंटिस्टने बघून पहिलाच प्रश्न विचारला, दिवसातून किती वेळा कोल्ड्रिंक पिता. किती पिता नाही, किती वेळा. मी म्हटलं दोन कॅन, पण एकेक कॅन दोन दोन तास पुरवून पिते. ते म्हणाले तेच तर नडतंय, प्रत्येक घोटाबरोबर दातावर नव्याने आम्ल जातं आणि लाळेला ते धुवून काढायला वेळच मिळत नाही.

घरी येऊन कॅनवरचं बारीक अक्षर पहिल्यांदा नीट वाचलं. ३३० मिलीच्या साध्या कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. दोन कॅन म्हणजे ७० ग्रॅम, एक सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला तर सतरा-साडेसतरा चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, मोठ्या माणसाला ते साधारण ५० ग्रॅम होतात, आणि जमलं तर त्याच्या निम्म्यावर या. म्हणजे बाकी काहीही गोड न खाता माझी मर्यादा नुसत्या पिण्यातच ओलांडली जात होती. सतरा चमचे साखर एका वाटीत काढून बघा, मी बघितली, त्या वाटीने माझं जेवढं मन वळवलं तेवढं कुठल्या सल्ल्याने वळलं नसतं.

कोला बंद केला आणि साधं पाणी प्यायला लागले, पण आठ दिवसांत जीव कासावीस. गोडाची आठवण येत नव्हती, हे मला फार आश्चर्याचं वाटलं. आठवण यायची ती घशात जी चुरचुर होते तिची, नाकात झणझणतं ना पहिल्या घोटाला, त्याची. मग एक दिवस नुसता सोडा आणून प्यायला आणि कळलं की मला तीन वर्षं हेच हवं होतं, साखर त्याच्याबरोबर फुकट येत होती.

ही चुरचुर बुडबुड्यांची असते असं आपल्याला वाटतं, पण ती मुख्यतः बुडबुड्यांची नसतेच. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड वायू जिभेवर आला की तिथलं एक एन्झाइम (शरीरातल्या क्रिया वेगाने घडवणारं द्रव्य), कार्बॉनिक अनहायड्रेज, त्याचं आम्ल करतं, आणि ती चुरचुर म्हणजे त्या आम्लाचा चावा. उंदरांवर प्रयोग करून २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की आंबट चव ओळखणाऱ्या पेशीच हा वायू ओळखतात. २०१३ मध्ये तर लोकांना जास्त दाबाच्या खोलीत बसवून सोडा पाजला, तिथे दाबामुळे बुडबुडे तयारच होत नाहीत, तरी चुरचुर तेवढीच लागली. बुडबुडे असले की ती थोडी वाढते एवढंच. आणि मला सगळ्यात पटलेला पुरावा गिर्यारोहकांचा. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून ते अ‍ॅसिटॅझोलामाइड नावाची गोळी घेतात, ती नेमकं हेच एन्झाइम अडवते, आणि गोळी चालू असेपर्यंत त्यांना कुठलंही फसफसणारं पेय मिळमिळीत लागतं. बुडबुडे डोळ्यासमोर दिसतायत पण तोंडात काहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्हाला कुठलं कोल्ड्रिंक आवडतं हे ठरवायच्या आधी त्यातलं काय आवडतं ते बघा. गोड, आंबट, कडू, चुरचुर, गारपणा, कॅफिन, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एका बाटलीत आपण सगळ्या एकदम विकत घेतो. ज्यांना गारपणाच हवा असतो त्यांचं बर्फाच्या पाण्यावर भागतं. ज्यांना दुपारी कॅफिन हवं असतं त्यांना कोला खरं तर कमीच पडतो, कॅनभर कोलात ३० ते ३५ मिलिग्रॅम कॅफिन, कपभर चहात साधारण ४०-५० आणि मोठ्या कपभर फिल्टर कॉफीत ९५ च्या आसपास. रात्री दोन वाजता जागं राहायला मी कोला प्यायचे तेव्हा कॅफिन थोडंफारच मिळत होतं, आणि जे होतं ते सकाळी झोपायच्या वेळेला नडत होतं, कारण घेतलेल्यातलं निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात.

आता माझा ग्लास कसा असतो ते सांगते, यात क्रम महत्त्वाचा आहे. सोडा रात्रभर फ्रिजमध्ये, अगदी मागच्या बाजूला. गार पाण्यात वायू जास्त मावतो, नेहमीच्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्यात ० अंशाला साधारण १.७ लिटर आणि २० अंशाला ०.९ लिटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा फरक. कोमट सोडा उघडला की अर्धी मजा टोपणाबरोबरच निघून जाते ती यामुळे. ग्लासात आधी लिंबू पिळायचं, मग मीठ, ते लिंबाच्या रसात पूर्ण विरघळेपर्यंत चमच्याने हलवायचं आणि मग ग्लास तिरका धरून कडेने हळूच सोडा सोडायचा. मीठ वरून टाकलं तर प्रत्येक कणावर बुडबुडे धरतात आणि सगळं एकदम उसळून ओट्यावर येतं, शिवाय खाली उरतं ते फसफस उतरलेलं पाणी. सोडा ओतल्यावर ढवळायचं नाही. बर्फ घालायचाच असेल तर मोठे खडे घाला, चुरा नको, चुऱ्यावर फसफस भराभर उडून जाते.

एक बी मात्र मी मुद्दाम ग्लासात राहू देते. लिंबाची बी तळाला जाते, तिच्या अंगावर बारीक बारीक बुडबुडे चिकटायला लागतात, पंधरा-वीस सेकंदांत ती फुगीर होऊन वर तरंगत येते, वर आली की बुडबुडे फुटतात आणि ती हळूच गिरकी घेत परत तळाला. सोडा चांगला असेल तर हे पाच-सात मिनिटं चालतं. बीची ये-जा मंदावली की समजायचं आता ग्लास संपवायची वेळ झाली. दिवसभराचं काम संपवून ओट्याला टेकून मी हे बघत उभी असते, फोन दुसऱ्या खोलीत.

या पाण्याचा इतिहासही मला फार जवळचा वाटतो. १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली नावाचा शास्त्रज्ञ बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबवणाच्या पिंपांवर एक जड वायू साचून राहतो हे त्याला दिसलं, त्याने पिंपावर दोन भांडी धरून एकातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, परत ओतायचं असं करून तो वायू पाण्यात मुरवला आणि पाण्याला छान आंबूस चव आली. दारूच्या पिंपावर जन्मलेलं पाणी, आणि आज दारू नको असणाऱ्याच्या हातात तोच ग्लास असतो. त्याने स्वतः याचा धंदा केला नाही, तो १७८३ मध्ये जिनिव्हात योहान याकोब श्वेप्पने सुरू केला आणि पुढे लंडनला नेला. गोड कोल्ड्रिंक्स बाजारात आली ती बरीच नंतर, आणि बरीचशी औषधाच्या दुकानातून. डॉ. पेपर १८८५, कोका-कोला १८८६, पेप्सी आधी ब्रॅड्स ड्रिंक नावाने १८९३, तिघांच्याही मागे औषधं बनवणारी माणसं. सेव्हन अपमध्ये तर १९२९ ला बाजारात आलं तेव्हा लिथियम सायट्रेट होतं, जे मनाच्या आजारावर देतात त्याच जातीचं क्षार, ते १९४८ पर्यंत होतं. म्हणजे ही पेयं तेव्हा बरं वाटावं म्हणून घेतली जायची, आणि खरं सांगायचं तर मीही रात्रपाळीत बरं वाटावं म्हणूनच घेत होते.

बाकीच्या पेयांबद्दल थोडक्यात. आलं घातलेलं फसफसतं पाणी मला दुसऱ्या नंबरला आवडतं, पण बाजारचं जिंजर एल बहुतेक वेळा नुसतं गोड असतं, आल्याचा ठसका त्यात नसतोच. घरी आलं किसून थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा, गार करा आणि दोन चमचे सोड्यात घाला, घशाला जी धग लागते ती दुकानातल्या बाटलीत मिळत नाही. टॉनिक वॉटरला लोक साधा सोडा समजतात, तसं नाहीये, त्यात कडू क्विनाइन असतं आणि ते कडूपण झाकायला भरपूर साखरही असते, बऱ्याचदा कोलाच्या जवळपास, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय रोज पिऊ नका. डाएट सोड्यात साखर नसते हे खरं, वजनाची काळजी असेल तर उपयोग आहे, पण आम्ल जवळजवळ तेवढंच असतं त्यामुळे दातांना त्याने सुटका नाही. माझ्या डेंटिस्टकडे हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

उन्हाळ्यात मी चहा पण गारच करते, पण उकळून गार केलेला नाही. चहापत्ती गार पाण्यात घालून बरणी रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी गाळायची. गार पाण्यात टॅनिन, म्हणजे चहाला तुरटपणा आणणारं द्रव्य, कमी उतरतं म्हणून चहा तुरट होत नाही आणि साखरेची गरजच वाटत नाही. ज्यांना साखरेचा चहा सोडवत नाही त्यांनी हे एकदा करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

कोला मी पूर्णपणे सोडलेला नाही. आठवड्यातून एकदा, लहान काचेची बाटली, बर्फासारखी गार, जेवणाबरोबर, आणि दहा मिनिटांत संपवून मोकळी. गारच का, तर गारठ्यात जिभेला गोड कमी लागतं, तीच बाटली कोमट झाली की पाक प्यायल्यासारखी लागते. साखर दोन्हीत तेवढीच, फक्त गार असताना ती आपल्याला कळत नाही, आणि मला वाटतं रोज पिणाऱ्याने एकदा तरी कोला कोमट करून प्यावा म्हणजे आपण काय पितोय ते कळेल.

लिंबाबद्दल एक गोष्ट लपवणार नाही, लिंबूही आम्लच आहे, कोलापेक्षा कमी तर मुळीच नाही. नुसता सोडा दातांना बराच सौम्य असतो पण लिंबू पिळलं की हिशेब बदलतो. म्हणून मी तो ग्लास पुरवून पुरवून पीत नाही, एका बैठकीत संपवते, नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरते आणि निदान अर्धा तास ब्रश करत नाही, कारण आम्लाने दाताचा वरचा थर तेव्हा मऊ झालेला असतो आणि ब्रशने तोच घासला जातो. ज्यांच्या दातांना आधीच कळा येतात त्यांनी लिंबाऐवजी काकडीच्या दोन चकत्या किंवा पुदिन्याची पानं चुरगळून घालावीत, चव वेगळी येते पण मजा तीच.

आणि शेवटचं, उरलेल्या बाटलीचं. बरेच जण अर्धी प्लास्टिकची बाटली दाबून आतली हवा काढून टोपण लावतात, मीही लावायचे. याने उलटंच होतं, दाबलेली बाटली परत फुगायला बघते आणि ती रिकामी जागा भरायला पाण्यातलाच वायू बाहेर येतो. न दाबता टोपण घट्ट लावा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. त्यापेक्षा लहान बाटल्या आणाव्यात हे उत्तम, मी ३०० मिलीच्याच आणते, एक बाटली म्हणजे बरोबर एक ग्लास.