पुन्हा बाईक घेतोय, माळ्यावरचं जुनं जॅकेट चालेल का?

प्रश्न: नमस्कार, माझं वय ४७. कॉलेजात आणि नोकरीच्या सुरुवातीला भरपूर बाईक चालवली, मग मुलं झाली, कार आली, बाईक विकली त्याला आता १६ वर्षं झाली. आता परत घेतोय. माळ्यावर जुनं लेदर जॅकेट, हेल्मेट, ग्लोव्हज, बूट सगळं नीट गुंडाळून ठेवलंय. बायको म्हणते नवीन घे, मला वाटतं धडधाकट वस्तू का टाकायच्या? आणि घ्यायचंच तर सुरुवात कशापासून करू, लेबलवर एए, एएए, लेव्हल २ असं काय काय असतं ते कळत नाही.

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे, निदान हेल्मेट आणि बुटांच्या बाबतीत तरी शंभर टक्के. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो थर असतो ना, ईपीएस, तो आपटल्यावर चिरडतो आणि चिरडता चिरडता धक्का खाऊन टाकतो, पण हे काम तो एकदाच करतो आणि तुमचं हेल्मेट १६ वर्षांत कधी माळ्यावरून पडलं का, त्यावर कुणी जड पेटी ठेवली का, हे बाहेरून बघून कळत नाही. शिवाय आतलं कापड-फोम भुसभुशीत होतं आणि हेल्मेट सैल बसायला लागतं. बहुतेक कंपन्या स्वतःच साधारण ५ वर्षांनी बदला म्हणतात. नवीन घेताना ईसीई २२.०६ (हेल्मेटच्या सुरक्षेचं मानक) लिहिलंय का बघा, यात आधीच्या २२.०५ मध्ये नव्हती अशी एक चाचणी आहे, तिरका फटका बसल्यावर डोकं किती गरगर फिरतं त्याची, आणि खऱ्या अपघातात डोकं सरळ कमी आणि तिरकंच जास्त आपटतं.

बुटांचं तर फार लोकांना माहीतच नसतं. पॉलियुरेथेनचा सोल नुसता ठेवून ठेवूनही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. दिसायला नवा, आणि पहिल्याच राईडला तळ सुटून हातात येतो.

लेदर जॅकेट मात्र लगेच टाकू नका. कोपराची घडी दाबून बघा भेगा पडतायत का, शिलाई दोन्ही हातांनी जोरात ताणून बघा, दोरा कुजला असेल तर लगेच उसवतो. मग खांद्यातले आणि कोपरातले पॅड बाहेर काढा. त्यावर ईएन १६२१-१ (हात-पायांच्या पॅडचं युरोपातलं मानक) असा नंबर छापलेला नसेल, नुसता स्पंज असेल किंवा दाबल्यावर भुगा होत असेल, तर पॅड बदला. हे सगळं पास झालं तरी शेवटी एकच प्रश्न उरतो, ते तुमच्या आजच्या अंगाला बसतं का? १६ वर्षांपूर्वीच्या नाही, आजच्या.

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मी स्वतः ११ वर्षांनी परत बाईकवर बसलो तेव्हा चांगल्या दर्जाचं जॅकेट घेतलं होतं, लेव्हल २ चे पॅड, सगळं, फक्त आत स्वेटर घालता यावा म्हणून एक साईझ मोठं घेतलं. वळणावर बारीक खडी होती, वेग अगदीच कमी, पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या कोपरावर पडलो. बाही सैल होती म्हणून पडताक्षणी पॅड फिरून हाताच्या बाजूला गेला, आणि कोपराचं हाड रस्त्याला सरळ लागलं. जॅकेट फाटलं नाही, पॅडवर ओरखडाही नाही आणि माझा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. तेव्हापासून मला जो विचारेल त्याला मी हेच सांगतो, आधी माप, मग बाकी सगळं.

त्यामुळे दुकानात आरशासमोर उभं राहून ठरवू नका. बाईकवर बसा, नसेल तर खुर्चीवर उलटं बसून हात पुढे हँडलसारखे धरा. कोपराचा पॅड पकडून फिरवून बघा, फिरला तर ते माप तुमचं नाही. गुडघ्याचा पॅड बसल्यावर बरोबर वाटीवर यायला हवा, उभं राहिल्यावर तो थोडा खाली दिसतो, तेच बरोबर. कमरेपाशी जॅकेट आणि पँट झिपने जोडता येत असेल तर जोडाच, नाहीतर घसरताना जॅकेट वर सरकतं आणि पाठ उघडी पडते.

आता लेबल. युरोपात ईएन १७०९२ नावाचं मानक आहे (२०२० चं), त्यात एएए, एए, ए, बी, सी असे वर्ग आहेत. कापड फिरत्या यंत्राला लावून काँक्रीटवर सोडतात. खांदा, कोपर, गुडघा, कंबर असे सगळ्यात आधी घासले जाणारे भाग एएए मध्ये ताशी १२० किमीच्या वेगाने, एए मध्ये ७० आणि ए मध्ये ४५ ने तपासतात. पण याचा अर्थ एए घातलं की ७० पर्यंत काही होत नाही असा मुळीच नाही, तो यंत्राचा वेग आहे, तुमची हमी नाही. बी म्हणजे घासण्याला ए इतकंच पण पॅड नाहीत, आणि सी म्हणजे नुसती पॅड धरून ठेवणारी जाळी, ती दुसऱ्या कपड्याबरोबर घालायची. साधा हिशोब करा, ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर, त्या वेगात पडलेला माणूस डांबरावर दोनेक सेकंद घसरत जातो, आणि साधी जीन्स सेकंदभरही टिकेलच असं नाही. रोज गावातल्या गावात आणि कधीतरी हायवे, एवढंच असेल तर माझं मत एए घ्या.

पॅडची लेव्हल सोपी आहे. ५ किलोचं वजन साधारण १ मीटरवरून पॅडवर टाकतात, खाली सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर पोचला नाही तर लेव्हल १, २० च्या आत राहिला तर लेव्हल २. पाठीच्या पॅडला वेगळं मानक, ईएन १६२१-२, तिथे १८ आणि ९. पाठीच्या खिशात हात घालून नक्की बघा, बऱ्याच जॅकेटमध्ये तिथे नुसता फोमचा तुकडा असतो. आणि पाठीचा पॅड थेट फटका झेलतो, मणका वाकण्या-पिळवटण्यापासून तो वाचवत नाही, ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

ग्लोव्हजवर पैसे वाचवू नका, प्लीज. पडताना माणूस आधी हात टेकवतो, ते थांबवता येत नाही. तळहाताच्या टाचेवर गुळगुळीत कडक तुकडा असलेले घ्या, म्हणजे हात रस्त्यात अडकून मनगट मोडण्याऐवजी घसरतो. पट्टा बांधून दुसऱ्या हाताने ग्लोव्ह ओढा, निघाला तर तो पडतानाही निघणार. नंबर ईएन १३५९४, बोटांच्या सांध्यांसाठी केपी लिहिलेलं असावं. बुटांवर ईएन १३६३४ आणि खाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २, शेवटचा आकडा बूट आडवा दाबला तर किती टिकतो त्याचा, बाईक पायावर पडते तेव्हा तोच कामाला येतो. घोटा झाकलेला हवाच.

प्रश्न: मी ३९ वर्षांची, दोन बाळंतपणांनंतर परत बाईक चालवायला लागलेय. सगळं गिअर पुरुषांच्या मापाचं, आणि उन्हात घातलं की जीव जातो, म्हणून बऱ्याचदा टी-शर्टवरच जाते. काय करू?

उत्तर: ताई, टी-शर्टवर जाणं आधी बंद करा, त्यासाठी एक पायरी खाली यावं लागलं तरी चालेल. कपाटात लटकलेल्या एएए पेक्षा अंगावरचं ए वर्गाचं जाळीदार जॅकेट कधीही चांगलं, मी स्वतः उन्हाळ्यात तेच घालतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून मोटोकॅप नावाचा उपक्रम आहे, कपडे स्वतः तपासून संरक्षणाला वेगळे आणि गरमीत किती सोसवतं याला वेगळे स्टार देतात, खरेदीआधी बघाच. हवा अंगापेक्षा गरम असेल तेव्हा मात्र जाळीतून येणारा वारा थंड करण्याऐवजी भाजतो आणि पाणी शोषून घेतो, तेव्हा आतला बनियन ओला करून घाला आणि थांबून थांबून पाणी प्या.

मापाचं म्हणाल तर पुरुषांचं छोटं माप हा उपाय नाही, खांदे रुंद राहतात आणि छाती-कमरेला आवळतं, मग पॅड भलतीकडेच. बायकांसाठी कापलेलं शोधा, आणि आत पॅडचा खिसा वरखाली करता येतो का ते आवर्जून बघा, पँटमध्ये तर नक्कीच, कारण गुडघ्याचा पॅड दोन इंच खाली असेल तर तो नडगीचा पॅड झाला. कमरेच्या दोन्ही बाजूंचे पॅड बऱ्याच पँटमध्ये मिळतच नाहीत, नुसते खिसे असतात, ते वेगळे घेऊन घाला.

प्रश्न: एअरबॅग जॅकेट घ्यावं का?

उत्तर: हेल्मेट, ग्लोव्हज, बूट, पँट सगळं नीट झालं असेल तर हो. दोरीवालं घेतलंत तर दोरी बाईकला अडकवलेली असते, तुम्ही फेकले गेलात की ती ओढली जाऊन फुगतं, इलेक्ट्रॉनिक असेल तर सेन्सर ठरवतो आणि बॅटरी चार्ज करावी लागते. छाती, पाठ आणि मॉडेलप्रमाणे मान सांभाळली जाते, हात-पाय नाही. मापाने घ्या, फुगायला आत जागा लागते म्हणून एअरबॅग बनियन घट्ट लेदरच्या आतून घालू नका, कंपनीने आतून घालायचं म्हणून सांगितलं असेल तरच आतून घाला.