‘तारण’ म्हणजे कसलं तारण?

प्रश्न असा आहे: “आमच्या चर्चच्या पत्रकावर ‘आपले तारण व्हावे म्हणून सभेस या’ असं छापलं होतं. पत्रक वाचून एका गृहस्थांनी विचारलं, ‘कसलं तारण? इथे कर्ज मिळतं का?’ या शब्दाला सोपा पर्याय सुचवा. उद्धार, मुक्ती, मोक्ष यांपैकी कोणता चालेल?”

त्या गृहस्थांचं काही चुकलं नाही. चर्चमध्ये ‘तारण’ म्हणजे देवाने माणसाला पापातून वाचवणं; पण चर्चबाहेरच्या मराठीत ‘तारण’ हे नाम आता बहुतेक कर्जाच्या कागदावरच भेटतं: सोनेतारण, घर तारण ठेवणे, विनातारण कर्ज. क्रियापदाचं मात्र तसं झालेलं नाही. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, आणि तारणे म्हणजे दुसऱ्याला पैलतीरी नेणे, बुडू न देणे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पत्रकावर नाम टाळा आणि क्रियापद वापरा. ‘तुमचं तारण’ अडखळवतं, ‘देव तारतो’ लगेच कळतं.

तुम्ही सुचवलेल्या शब्दांपैकी ‘मोक्ष’ नकोच. त्यामागे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा विचार उभा आहे. तुम्हाला सांगायची गोष्ट वेगळी आहे, आणि दुसऱ्याचा इतका अर्थभरला शब्द उचलून आपला म्हणून वापरणं मला प्रामाणिकही वाटत नाही. ‘उद्धार’ बोलण्यात पार उलटा झाला आहे. ‘त्याने माझ्या बापजाद्यांचा उद्धार केला’ म्हणजे शिव्या घातल्या. ‘मुक्ती’ त्यातल्या त्यात जवळचा, पण कशापासून मुक्ती, हे पुढे सांगावंच लागतं.

खरा प्रश्न इथेच आहे: कशापासून? बायबलच्या नव्या करारातलं, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागातलं, मूळ ग्रीक क्रियापद ‘सोझो’ आहे. वाचवणे, तारणे, बरे करणे हे सगळं त्याच्या पोटात येतं. बार्तिमय नावाचा आंधळा येशूला हाका मारतो. तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसतंय, तरी येशू त्याला आधी विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? तो म्हणतो, मला दृष्टी यावी. मग नव्या करारातल्या ‘मार्क’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात येशूचं उत्तर येतं, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे. ‘लूक’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आपल्या पापांसाठी रडणाऱ्या स्त्रीला येशू जे सांगतो, ते ग्रीकमध्ये अक्षरशः तेच वाक्य आहे. मराठी भाषांतरात मात्र तिथे ‘तारले आहे’ असं येतं. ग्रीक वाक्य एकच, मराठी क्रियापदं दोन, कारण समोरच्या दोघांची गरज वेगळी होती. मला हे फार मोलाचं वाटतं. सोपा शब्द कोशात शोधण्याआधी ऐकणारा काय मागतो आहे ते कळायला हवं.

आतल्या वापराने बाहेर अनोळखी झालेला ‘तारण’ हा एकटाच शब्द नाही. ‘प्रभूने मला या वस्तीचं ओझं दिलं आहे’ हे वाक्य चर्चमध्ये कळकळीचं आहे; पण वस्तीतल्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटेल, आपण यांना जड झालो आहोत. तिथे ‘मला तुमची काळजी वाटते’ एवढंच म्हणावं. ‘साक्ष देणे’ म्हणजे चर्चमध्ये आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं, पण ते म्हटलं की लोकांना कोर्ट आठवतं. ‘शुभवर्तमान’मधलं ‘वर्तमान’ म्हणजे बातमी, वर्तमानपत्रातलं. आता ते फक्त ‘चालू काळ’ म्हणून ऐकू येतं. ‘चांगली बातमी’ म्हणायला काय हरकत आहे?

भाषा सोपी केली की आशय पातळ होतो, ही भीती मी अनेकदा ऐकतो. पण पंडिता रमाबाईंचं उदाहरण पाहा. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. संस्कृतात पारंगत असूनही कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी भाषा मुद्दाम साधी ठेवली, आणि १९२२ साली मृत्यूच्या तोंडावर ते काम पुरं केलं. नवा करारही मुळात पंडिती ग्रीकमध्ये लिहिलेला नाही. तो लोकांच्या रोजच्या व्यवहारातल्या कोइने ग्रीकमध्ये आहे.

तेव्हा पत्रक छापण्याआधी पाच-दहा घरी जाऊन नुसतं ऐकून या. कोणाच्या घरी आजारपण असेल, कोणाला दारू सोडायची असेल, कोणी एकटं पडलं असेल. मग असं काही लिहिता येईल: “घरात कोणी आजारी आहे? मन खचलं आहे? आम्ही चर्चमधली माणसं आहोत. तुमचं ऐकून घेऊ आणि तुम्हाला चालत असेल तर तुमच्यासाठी प्रार्थना करू.” ‘चर्चमधली माणसं’ हे शब्द मात्र गाळू नका; आपण कोण हे लपवलं तर ते सोपं बोलणं होत नाही. आणि ‘तारण’ हा शब्द उपासनेत खुशाल राहू द्या. येणारा माणूस चार वेळा येऊन बसला की तोच विचारेल, याचा अर्थ काय.