वारसाने आलेली बंदूक: वाचकांच्या शंका, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: आजोबांची बारा बोअरची दुनळी परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘मँटन अँड कंपनी, कलकत्ता’ असं कोरलं आहे. ती किती जुनी असेल आणि तिला कोणती काडतुसं चालतील? – एक वाचक, सातारा

पट्टीवरच्या नावावर थांबू नका. मँटन, रॉडा, लायन अँड लायन ही कलकत्त्याची जुनी नामांकित दुकानं. त्यांच्या बहुतेक बंदुका इंग्लंडमध्ये, विशेषतः बर्मिंगहॅममध्ये तयार होत आणि वर नाव दुकानाचं कोरलं जाई. बंदुकीची खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या खाली असते.

आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही घरं, म्हणजे नळ्यांच्या मागच्या काडतूस बसण्याच्या जागा, रिकाम्या आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पुढचा लाकडी भाग, म्हणजे फोर-एंड, खटका ओढून काढा. नळ्या उचलून वेगळ्या करा आणि उलट्या धरा. मागच्या टोकाला सपाट भाग दिसेल. सुती फडक्यावर दोन थेंब पातळ तेल घेऊन तो पुसा आणि भिंगातून बघा. तिथे पॉलिश पेपर अजिबात लावू नका. या खुणा घासल्या गेल्या तर बंदुकीची ओळखही गेली आणि किंमतही.

मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि ‘एनपी’ ही अक्षरं असतील तर ती बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची खूण आहे. ही पद्धत १९०४ पासूनची. पैकी ‘एनपी’ सगळ्यात महत्त्वाची, कारण नळी नायट्रो म्हणजे धूरविरहित दारूच्या दाबाला तपासली असल्याचा तो पुरावा. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत ‘१२’ आणि त्याखाली ‘सी’ असेल, तर घराची लांबी ३ इंचांहून कमी. ही चौकट १८८७ ते १९२५ या काळातली. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर बंदुकीची चाचणी १९०४ ते १९२५ च्या दरम्यान झाली असं धरायला हरकत नाही. १९२५ नंतरच्या बंदुकीवर घराची लांबी इंचांत सरळ लिहिलेली असते. जवळ नुसता ‘१३’ आकडा दिसला तर गोंधळू नका. बंदूक बारा बोअरचीच आहे. नळीचा आतला व्यास ०.७१० इंच भरला एवढाच त्याचा अर्थ. नेमक्या बारा बोअरचा व्यास ०.७२९ इंच असतो.

आता काडतूस. या काळातल्या बहुतेक इंग्लिश दुनळींची घरं अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची आहेत. आजची सर्रास मिळणारी काडतुसं ७० मिलिमीटरची. फसगत होते ती इथेच. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते. भरलेलं काडतूस त्याहून आखूड असल्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या घरात अलगद बसतं आणि बंदूक मिटतेही. बार होताना मात्र त्याचं तोंड घरापुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, छर्‍यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एखाद्या बाराला काही होणार नाही. पण सांधे सैल होत जातात आणि नळीत आधीच खड्डे असतील तर ती फाटू शकते. म्हणून डबीवर ‘६५ मिमी घरासाठी योग्य’ असं स्पष्ट छापलं असेल तरच ते काडतूस वापरा. ७६ मिमीचं काडतूस या बंदुकीजवळही नेऊ नका.

घराची लांबी कारागीर गेज घालून मिनिटभरात सांगतो. घरी अंदाज घ्यायचा तर २० मिलिमीटर रुंदीची पातळ पट्टी मागून सरळ आत सरकवा. घर संपून नळी निमुळती होऊ लागते तिथे ती अडते. जोर लावू नका. अडली तिथे खूण करून मोजा.

प्रश्न: वडील वारले. त्यांची परवान्याची एकनळी अजून कपाटातच आहे. आधी दुरुस्ती करून घ्यावी की आधी कागदपत्रं? – एक वाचक, नाशिक

आधी बंदूक जमा करा. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवावी लागते. परवाना नसताना तुम्ही ती गाडीत टाकून कारागिराकडे नेलीत, तर हेतू कितीही चांगला असला तरी तो गुन्हा ठरतो. म्हणून जमा करण्याआधी पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि न्यायची कशी, कोणी, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. पावतीवर बनावट, बोअर, नळीवरचा क्रमांक आणि बंदुकीची आजची अवस्था लिहून घ्या. दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाला, तडा असेल तर तोही नोंदवा. किती मुदतीत दावा करायचा हेही तेव्हाच विचारा, कारण मुदत उलटली तर बंदूक सरकारजमा होऊ शकते.

नंतर वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करा. जिल्ह्यात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे जातो. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र तयार ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा तुमच्याकडे आधीच दोन असतील तर घरातल्या दुसऱ्या वारसाचा विचार करा. आणखी एक सांगावंसं वाटतं. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असली, तर त्याच्या हयातीतही ती वारसाच्या नावावर करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. घरात वडीलधाऱ्यांच्या नावावर बंदूक असलेल्यांनी हे काम मागे ठेवू नये.

दुरुस्तीसाठीसुद्धा कारागिराकडे त्या कामाचा परवाना लागतो. गावातल्या लोहाराचा हात कितीही चांगला असला तरी हे काम त्याच्याकडे देऊ नका.

प्रश्न: दुनळी मिटल्यावर नळ्या किंचित हलतात. एकाने आत पत्र्याची पट्टी घालून देतो म्हटलं. करावं का? – एक वाचक, बेळगाव

नाही. आधी ती खरंच किती ढिली आहे ते बघा. फोर-एंड काढून टाका, कारण त्याची स्प्रिंग नळ्या दाबून धरते आणि ढिलाई लपवते. बंदूक मिटा, मुठीजवळ घट्ट धरा आणि नळ्या डावी-उजवीकडे व वर-खाली हलवून पाहा. मग नळ्यांचं मागचं तोंड आणि त्यामागची सपाट भिंत यांच्यामधली फट ट्यूबलाइटसमोर धरा. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याची पट्टी मधे ठेवून बंदूक मिटा. पट्टी घट्ट धरली गेली तर ठीक. ती सहज सरकली तर सांधा झिजला आहे आणि ती बंदूक वापरायची नाही. अशा बंदुकीत काडतुसाच्या बुडाला पाठीमागून आधार राहत नाही. बार होताना ते मागे सरकतं, टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी छोटी वाटी, बाहेर येते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या डोळ्यांकडे येऊ शकतो.

पत्र्याची पट्टी घातल्यावर बंदूक घट्ट वाटते, पण दोन-चार बारांत पत्रा चेपतो आणि बिजागरीची झीज वाकडी होते. नळ्यांखाली बिजागरीच्या पिनवर बसणारा जो हुक असतो, त्यावर हातोडी मारून तो फुगवणं हा त्याहून वाईट प्रकार. योग्य उपाय दोनच: बिजागरीची किंचित जाड नवी पिन बसवणं, नाहीतर नळ्यांखालच्या हुकावर धातू चढवून काजळीच्या ठशांवरून कानस लावत तो नेमका बसवणं. हे काम सावकाश होतं आणि स्वस्त नसतं. कोणी तासाभरात करून देतो म्हणाला तर बंदूक परत घ्या.

कारागिराकडे द्यायच्या आधी नळ्यांचा आवाजही ऐका. सुट्या नळ्या हुकात बोट अडकवून लोंबत्या धरा आणि लाकडी काठीने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांमधला डाक, म्हणजे त्यांना जोडणारा वितळवलेला धातू, शाबूत आहे. बद्द किंवा भुरभुरता आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे. नळ्यांना नवा काळा रंग द्यायचा असेल तेव्हा हे आठवा. आजकाल उकळत्या क्षाराच्या द्रावणात बुडवून झटपट काळं करतात. जुन्या दुनळीच्या नळ्या कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात आणि ते द्रावण तो डाक खातं. नळ्या दिसतात देखण्या, पण काही महिन्यांत पट्टी उचलते. जुन्या दुनळीला हळूहळू गंज चढवून काळं करण्याची जुनी पद्धतच हवी.

प्रश्न: नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आहे. हे दमास्कस असेल तर वापरता येईल? – एक वाचक, कोल्हापूर

लोखंड आणि पोलादाच्या सळ्या पिळून, गाभ्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकत अशी नळी बनवत. वर मुकुट आणि खाली लंबवर्तुळात ‘ईएलजी’ असेल तर ती बेल्जियममधल्या लीजची. नक्षी फोर-एंडखाली लपलेल्या भागातही तशीच असेल तर बहुधा खरी. काही साध्या पोलादी नळ्यांवर वरवर नक्षी उमटवलेली असते. नायट्रो चाचणीची खूण नसेल तर आजचं एकही काडतूस तिच्यात घालू नका. जोडाच्या रेषांमध्ये आतून गंज शिरलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. आमचं मत विचाराल तर अशी बंदूक परवान्यावर जतन करावी, चालवू नये.

प्रश्न: माळ्यावर पणजोबांची ठासणीची बंदूक सापडली. कुठे नोंद नाही. भिंतीवर शोभेला लावावी म्हणतो. – एक वाचक, राजापूर

ती भरलेली आहे असं धरूनच चाला. कोकणात राखणीच्या बंदुका ठासून ठेवत आणि बार न काढता विसरून जात. कोरड्या जागी काळी दारू दशकानुदशकं जिवंत राहते. तोंड माणसांपासून दूर ठेवा, घोड्याला हात लावू नका. पाहायचंच असेल तर बाजूला उभं राहून एक लाकडी काठी तोंडातून अलगद आत सोडा, ठोकू नका. टेकली की तोंडापाशी खूण करा आणि काठी बाहेर काढून नळीच्या अंगाला लावा. काठीचं टोक टोपी बसते त्या निपलच्या आसपास, दोनेक सेंटिमीटरच्या अंतरात यायला हवं. ते सात-आठ सेंटिमीटर अलीकडेच राहिलं तर आत बार आहे किंवा कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर. दोन्ही शक्यतांत पुढचं काम तुमचं नाही. ड्रिल, तापवणं, सळईने ठोकणं यातलं काहीही करू नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि भरलेली असू शकते हे आधीच सांगा. तपासणी तिथेच होऊ द्या.

शोभेचं म्हणाल तर कलम ४५ मध्ये जुनाट शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच शस्त्रांना. नुसतं निपल तुटलंय किंवा घोडा गंजलाय, म्हणजे दुरुस्त होण्याजोगी. तिला ही सूट नाही.

प्रश्न: पावसाळ्यात नळीवर तांबूस गंज येतो. खोबरेल तेल लावतो. दस्ता मुठीजवळ काळा आणि मऊ पडला आहे. – एक वाचक, दापोली

खोबरेल बंद करा. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं आणि कुलपात, म्हणजे घोडा आणि स्प्रिंगच्या यंत्रणेत, चिकट थर धरतं. बंदुकीचं पातळ खनिज तेल घ्या. गंजावर तेल लावून रात्रभर मुरू द्या, मग सगळ्यात बारीक, चार शून्य नंबरच्या पोलादी लोकरीने तेलातच हलक्या हाताने पुसा. लाल भुकटी निघेल, खालचा काळा थर राहील. तो राहू द्या. आतून पितळी ब्रश मागून पुढे फिरवा, मग कोरडं फडकं, शेवटी तेलाचं फडकं. नंतर नळीतून उजेडाकडे बघा. आतल्या प्रकाशकडीत गडद वर्तुळ दिसलं तर नळी फुगली आहे, एका बाजूला सावली दिसली तर पोचा आहे. दोन्हीत बार बंद, कारागिराला दाखवा. खड्डे घासून काढण्याआधी त्याला नळीच्या भिंतीची जाडी मोजायला सांगा. कुठेही अर्धा मिलिमीटरहून कमी भरली तर घासायचं नाही.

दस्ता काळा पडला तो तेल जास्त झाल्यामुळे. बंदूक उभी ठेवली की तेल ओघळून लाकडात मुरतं, लाकूड मऊ होतं आणि धक्क्याने तिथेच फाटतं. यापुढे तोंड खाली करून, खाली फडकं घालून ठेवा. धातूची कामं करताना दस्ता वेगळा करायची वेळ आली तर थांबा. त्या स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात. घरचा स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, निसटतो आणि कोरीवकामावर ओरखडा काढतो. पावसाळ्यात बंदूक चामडी पेटीत ठेवू नका, अस्तर ओल धरतं.

प्रश्न: उजव्या नळीचं काडतूस कधीकधी फुसकं जातं. – एक वाचक, अकोला

फुसकं गेलं की तोंड सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा, मगच मोडा. बार उशिरा होऊ शकतो. मग टोपीवरचा ठसा पाहा. दोन्ही नळ्यांचे ठसे सारखे खोल असतील तर दोष काडतुसाचा, म्हणून पुठ्ठा फुगलेली किंवा पितळ हिरवं पडलेली काडतुसं बाजूला काढून विक्रेत्याकडे जमा करा. उजवा ठसा उथळ असेल तर बहुतेक वेळा कुलपात वाळलेलं तेल असतं, ते कारागिराकडून स्वच्छ करून घ्या. तरी फरक पडला नाही तर फायरिंग पिनचं टोक झिजलंय का आणि मुख्य स्प्रिंग दमलीय का, या क्रमाने पाहायला सांगा. नवी पिन टोकाला गोल हवी. अणकुचीदार झाली तर टोपी फोडते आणि वायू मागे येतो. आणि रिकाम्या बंदुकीचा चाप पुन्हापुन्हा ओढून स्प्रिंग तपासू नका, जुन्या पिना अशाच तुटतात. डमी काडतूस घालूनच चाप ओढा.