घरासमोर बंद दगडखाण आहे. तिच्या धुळीतून बाळाच्या अंगात शिसं जाऊ शकतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुर्भ्याला तुमच्या खिडकीतून बंद पडलेली खदान दिसते, बाळ दीड वर्षाचं आहे आणि बंद खाणींभोवती हवेतून शिसं, आर्सेनिक पसरतं हे वाचल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागला आहे. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते वेगळ्या खाणींबद्दल. मी रबाळ्याला एका प्रयोगशाळेत माती-पाण्याचे नमुने तपासते आणि माझं लहानपण खडीच्या क्रशरशेजारी गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धातूच्या खाणीत दगड फोडून काम संपत नाही. तो पिठासारखा दळतात, हवा तो धातू काढून घेतात आणि उरलेला चोथा बाहेर रचून ठेवतात. खाण बंद होते, माणसं निघून जातात, चोथा तिथेच. उन्हाने आतला ओलावा वर ओढला जातो, पाणी उडून जातं आणि वर क्षारांचा पातळ पापुद्रा धरतो. विरघळलेले धातू त्या पापुद्र्यात गोळा होतात, आणि वारा सगळ्यात आधी तोच उचलतो. म्हणून उडणारी धूळ ढिगाच्या पोटातल्या मातीपेक्षा जास्त विषारी असू शकते. झाम्बियातल्या काब्वेची शिशाची खाण 1994 मध्ये बंद झाली, तरी तिथल्या लेकरांच्या रक्तात अजून शिसं सापडतं. अमेरिकेतलं पिचर हे गाव शिसं आणि खचणारी जमीन यांपायी शेवटी रिकामं करावं लागलं. आपल्याकडे कोलारची सोन्याची खाण 2001 मध्ये बंद झाली. तिथल्या ढिगांना लोक आजही 'सायनाइड डंप' म्हणतात.

तुमच्या समोरची खदान यातली नाही. आपला डोंगर म्हणजे काळा पाषाण, बसाल्ट. त्यात शिसं किलोमागे जेमतेम काही मिलिग्रॅम, आणि इथे कुणी दगड दळून त्यातून धातू काढला नाही, फोडून खडी केली. धूळ छातीला वाईटच, दमा असेल तर फारच वाईट. पण शिशाची भीती त्या कातळाची धरू नका.

माझी काळजी खदानीत नंतर काय पडलं याची आहे. आपल्या भागात रिकामा खड्डा दिसला की रात्रीचे डंपर डेब्रिज टाकून जातात. जुन्या इमारती पाडल्या की त्या राड्यारोड्यात जुना ऑइलपेंट येतो, आणि पूर्वीच्या रंगांत शिसं सर्रास असायचं. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीची भिंत घासली, पाडली, की ती धूळ झाली. त्यातच कुणी वायरी जाळून तांबं काढत असेल किंवा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत असेल, तर तो धूर मातीच्या धुळीहून घातक. भट्टीच्या वाफेतून थिजलेले कण इतके बारीक असतात की थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जाडसर धूळ मात्र जवळपासच बसते: खिडकीत, फरशीवर, खेळण्यावर. तिथून बाळाच्या हाताला, हातातून तोंडात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहावा भाग अंगात शोषलं जातं, लहान मुलाच्या बाबतीत जवळजवळ निम्मं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी.

म्हणून झाडू मारण्याआधी ओल्या फडक्याने फरशी पुसा, कोरड्या झाडूने ती धूळ पुन्हा उडते. खिडकीची चौकट रोज पुसा. जेवणाआधी बाळाचे हात साबणाने धुवा, चपला दाराबाहेर. तुमची इमारत जुनी असेल आणि रंगाचे पोपडे निघत असतील तर ते घरात बाळ असताना घासू देऊ नका. माझ्या मते तुमच्या घरी आधी हेच बघायला हवं.

तरीही मन मानत नसेल तर हवेच्या आकड्यांत शोधत बसू नका. हवेतल्या शिशाची आपल्याकडची वर्षाची मर्यादा घनमीटरला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, पण त्यावरून तुमच्या फरशीवर काय आहे ते कळत नाही. बाळाच्या डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा. डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर अमेरिकेत घराची तपासणी करून शिसं कुठून येतंय ते शोधायला सुरुवात करतात. तुम्हीही तसंच करा. आणि रात्री डंपर दिसला तर गाडीचा नंबर टिपून महापालिकेच्या डेब्रिजविरोधी भरारी पथकाला कळवा.