आयईसीचा आकडा आणि आयएसआयची खूण

प्रश्न : आमच्या सदनिकेचे वायरिंग नव्याने करून घेत आहोत. वायरमनने विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीतून आणलेल्या एमसीबींवर (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचांवर) ‘आयईसी ६०८९८’ असे छापलेले आहे, परंतु आयएसआयची खूण नाही. ‘आयईसी आंतरराष्ट्रीय, म्हणजे आयएसआयच्या वरचे’, असे त्याचे म्हणणे आहे. ते मान्य करावे काय?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मान्य करू नये. आयईसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग, १९०६ साली लंडनमध्ये स्थापन झाला. लॉर्ड केल्विन त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि आज त्याचे मुख्यालय जिनिव्हात आहे. हा आयोग मानके तयार करतो, पण स्वतः कोणत्याही उत्पादकाला प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे एमसीबीवर नुसता तो आकडा असेल, तर तो उत्पादकाचा स्वतःचा दावा ठरतो, त्यापलीकडे काही नाही.

शिवाय वरचे-खालचे असा भेद येथे संभवतच नाही, कारण भारतीय मानक ब्युरोने हेच मानक ‘आयएस/आयईसी ६०८९८’ या क्रमांकाने स्वीकारले आहे. फरक पडतो तो पडताळणीचा : आयएसआयची खूण वापरण्यासाठी उत्पादकाला ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो, आणि एमसीबी ही वस्तू सक्तीच्या प्रमाणनाखाली येत असल्यामुळे खुणेवाचून ती आपल्याकडे विकताच येत नाही. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. तापकीर गल्लीत अस्सल माल भरपूर मिळतो, मात्र पक्के बिल मागावे.

खुणेइतकेच महत्त्व एमसीबीवरील इतर अक्षरांना आहे. ‘सी १६’ म्हणजे सोळा ॲम्पियर क्षमता, आणि प्रवाह त्याच्या पाच ते दहा पटींच्या दरम्यान गेला की तत्काळ ट्रिप, म्हणजे वीज बंद. ‘बी’ प्रकारात ही मर्यादा तीन ते पाच पट असते, म्हणून सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढणाऱ्या पंपासारख्या मोटरीला ‘सी’ सोयीचा. चौकटीतला ६००० हा आकडा शॉर्टसर्किटचा किती ॲम्पियर प्रवाह तो सुरक्षितपणे तोडू शकतो, हे सांगतो. एमसीबी वारंवार पडतो म्हणून वायर तीच ठेवून त्याहून मोठा बसवणे हा आपल्याकडचा सर्वांत घातक रिवाज आहे. एमसीबी मुळात वायरीच्या रक्षणासाठी असतो.

प्रश्न : मानके आंतरराष्ट्रीय असताना प्लग देशोदेशी वेगळे का?
— एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : मानकांच्या आधीच घराघरांत सॉकेट बसले होते. आयईसीने १९८६ साली सर्वांसाठी एक प्लग सुचवला, परंतु ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका वगळता तो फारसा कोणी स्वीकारला नाही. भिंतीतले सगळे सॉकेट बदलण्याचा खर्च कोण करणार? आपला तीन गोल पिनांचा प्लग जुन्या ब्रिटिश मानकावरून आलेला आहे. अमेरिकेतून आणलेल्या उपकरणाला नुसता ॲडाप्टर लावून भागत नाही, कारण तेथील पुरवठा १२० व्होल्टचा आणि आपला २३० व्होल्टचा. उपकरणावर ‘१००–२४०’ असे लिहिलेले असल्याशिवाय ते येथे लावू नये.